सुट्टी, रजा आणि अवकाश : महाविद्यालयीन कार्यवर्षाच्या नियमांचे समीक्षण

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या नोकरीविषयी समाजात जे समज रूढ आहेत, त्यांत ‘या लोकांना सुट्ट्याच फार’ हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट होय. वेतन आयोगाची थकबाकी असो वा प्राध्यापक संघटनेचे आंदोलन असो, चर्चा कोठूनही सुरू झाली तरी ती अखेर मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीवर येऊन थांबते. प्राध्यापकवर्गाकडून याचा प्रतिवाद बहुधा कामांची जंत्री देऊन केला जातो. उत्तरपत्रिका, प्रवेश, नॅकची कागदपत्रे, उद्बोधन वर्ग, निवडणुकीचे काम अशी ती जंत्री असते आणि ती खोटी नसते. तथापि आरोप आणि प्रतिवाद या दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते, ती ही की सुट्टी ही सवलत आहे आणि ती उपभोगणाऱ्याने तिचे समर्थन करावयास हवे. हे गृहीतक ज्या नियमांच्या आधारे तपासता येईल, ते नियम मात्र सलग वाचले जात नाहीत. प्रसंग पडला की त्यातील एखादे कलम शोधले जाते, एवढाच त्यांचा वापर. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१० व २०१८ चे विनियम आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांतील संबंधित तरतुदी एकत्र ठेवून वाचल्या असता असे दिसते की, नियमाने जी गोष्ट सुट्टी म्हणून दिली, ती व्यवहारात रजा होऊन बसली आहे. आणि हे रूपांतर नियमातील एकही शब्द न बदलता घडून आले आहे.

दोन शब्दांतील भेद

मराठीत या दोन शब्दांतील अंतर पुरेसे स्पष्ट आहे. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाशी बांधलेला आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते. वेळ झाली की सुटणे घडते, त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. रजा मागावी लागते आणि ती कोणीतरी द्यावी लागते. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे शब्द याच कुळातले आहेत, ही गोष्ट अनेक तात्पुरत्या प्राध्यापकांना व्युत्पत्तिकोश न उघडताही ठाऊक असते. सेवानियमांनी हा भेद नेमका ओळखला आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे १९८१ च्या नियमांतील मूलभूत तत्त्व होय. याउलट शिक्षणसंस्थांसारख्या विभागांना हे नियम ‘दीर्घ सुट्टी विभाग’ म्हणतात. या विभागातील कर्मचाऱ्यास दीर्घ सुट्टी आपोआप मिळते आणि म्हणूनच, ती पूर्ण उपभोगली असता, अर्जित रजा मिळत नाही. दीर्घ सुट्टी ही अशा रीतीने अर्जित रजेच्या बदल्यात दिलेली आहे. इतर विभागांतील कर्मचारी वर्षाकाठी तीस दिवसांची अर्जित रजा मिळवतो. प्राध्यापकाने ती सोडून दिलेली आहे. समाजाला सुट्टी दिसते. तिच्यासाठी सोडून दिलेली रजा दिसत नाही, आणि प्राध्यापकांच्या प्रतिवादातही तिचा उल्लेख सहसा येत नाही.

बावन्न आठवड्यांचे कोष्टक

आयोगाच्या २०१० च्या विनियमांत कार्यवर्षाची विभागणी करणारे एक छोटे कोष्टक आहे. सहा दिवसांच्या आठवड्याच्या पद्धतीत महाविद्यालयांसाठी अध्यापनाचे ३० आठवडे म्हणजे १८० दिवस, प्रवेश व परीक्षांसाठी १० आठवडे, दीर्घ सुट्टीचे १० आठवडे आणि सार्वजनिक सुट्ट्यांचे २ आठवडे अशी मांडणी तेथे केली आहे. विद्यापीठ विभागांसाठी परीक्षांचे आठवडे १२ व दीर्घ सुट्टीचे ८ आहेत. दोन्ही रकान्यांची बेरीज बावन्न येते. २०१८ च्या विनियमांत हेच कोष्टक कायम राहिले.

बेरीज चोख आहे आणि तिच्या चोखपणातच अडचण आहे. दोन आठवडे म्हणजे कामाचे बारा दिवस. राज्य शासन दरवर्षी ज्या सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करते त्यांची संख्या वीसच्या वर असते. त्यांतील काही रविवारी आणि काही दीर्घ सुट्टीच्या काळात येतात हे मान्य केले, तरी हिशेब जेमतेम जुळतो आणि पुष्कळ वर्षी जुळत नाही. हे कोष्टककर्त्यांच्या लक्षात आलेले असावे, कारण सार्वजनिक सुट्ट्यांच्या रकान्यातच अध्यापनाचे दिवस त्याप्रमाणे वाढवून जुळवून घ्यावेत, अशी सूचना कंसात दिली आहे. प्रश्न असा की, वाढवलेले दिवस कोठून आणावयाचे? अध्यापनाचे १८० दिवस कमी करता येत नाहीत, परीक्षांचे दिवस विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ठरतात, सार्वजनिक सुट्ट्या शासन ठरवते. चार रकान्यांपैकी महाविद्यालयाच्या हाती एकच ताणता येण्याजोगा रकाना उरतो आणि तो दीर्घ सुट्टीचा. कोष्टकात दहा आठवड्यांची म्हणून नोंदवलेली सुट्टी ही वस्तुतः इतर तिन्ही रकान्यांची तूट भरून काढणारी राखीव गंगाजळी आहे.

शिवाय ज्या कामांनी गेल्या दोन दशकांत महाविद्यालयाचे वर्ष व्यापले आहे, त्यांना या कोष्टकात एकही दिवस नाही. मूल्यांकनाचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, पदोन्नतीसाठी आवश्यक असलेले उद्बोधन व उजळणी वर्ग, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या नोंदण्या यांपैकी कशाचाही तेथे उल्लेख नाही. निवडणूक कामाची गोष्ट तर स्वतंत्रच आहे. २०२४ साली राज्यात लोकसभेचे मतदान १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाले आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. उन्हाळी आणि दिवाळीच्या, अशा दोन्ही सुट्ट्यांच्या मोसमात प्रशिक्षण, मतदान आणि मतमोजणी यांचे दिवस आले. ही कामे अनावश्यक होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु बेरीज आधीच बावन्न असताना त्रेपन्नावा आठवडा कोठून तरी काढावाच लागतो.

सत्र पद्धतीने या ताणात भर घातली. वार्षिक परीक्षेच्या काळात दिवाळीची सुट्टी ही खरोखर दोन सत्रांमधली मोकळी जागा होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विद्यापीठाची परीक्षा सुरू झाल्यापासून ती मध्यवर्ती मूल्यमापन केंद्राच्या वाट्याला गेली. परीक्षा वर्षातून एकदा होणार की दोनदा, याचा कोणताही परिणाम ‘१० आठवडे’ या आकड्यावर झालेला दिसत नाही. मुंबई विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचे निकाल रखडले, ते प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत पुरेशा तयारीविना लागू झाली. उन्हाळी सुट्टी सरून नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तरी तपासणी संपली नाही. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिल्यावर जुलैअखेर काही दिवस महाविद्यालयांतील अध्यापनच थांबवण्यात आले. त्या दिवसांत वर्गांना सुट्टी होती आणि प्राध्यापकांना नव्हती. नियमांच्या भाषेत या दिवसांना काय म्हणावे, याचे उत्तर कोष्टकाच्या चारही रकान्यांत सापडत नाही. निकाल मुदतीत पूर्ण झाले नाहीत आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वृत्तपत्रांनी विद्यार्थ्यांचे झालेले नुकसान सविस्तर मांडले, ते योग्यच होते. तपासणाऱ्यांचे गेलेले आठवडे मात्र कोणाच्याही हिशेबात आले नाहीत.

महासाथीच्या काळात हाच प्रकार देशव्यापी झाला. सप्टेंबर २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत आयोगाने शैक्षणिक नुकसान भरून काढण्यासाठी दोन वर्षे सहा दिवसांचा आठवडा ठेवण्याची आणि सुट्ट्या कमी करण्याची शिफारस केली. आपत्काळात ती समजण्यासारखी होती. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की, आयोगालाही वेळ काढावयाचा म्हटल्यावर तोच रकाना आठवला.

आदेश, निरोप आणि एक तृतीयांश

दीर्घ सुट्टीत काम करावे लागल्यास त्याचा मोबदला नियमांत आहे. ज्या काळात सुट्टीत कर्तव्य बजावावे लागले, त्याच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा खात्यावर जमा होते. म्हणजे पंधरा दिवस काम केले तर पाच दिवस. हे प्रमाण एक तृतीयांशच का, याचे स्पष्टीकरण विनियमांत नाही. सुट्टीतील तीन दिवस हे रजेच्या एका दिवसाइतके आहेत, असा विनिमयदर त्यातून निघतो आणि तो मुळातच तपासून पाहण्याजोगा आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सेवानियमांचे गृहीतक असे की, सक्षम अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण वा विशेष आदेशाने सुट्टी सोडावी लागली नसेल, तर ती कर्मचाऱ्याने उपभोगली असे मानावयाचे. आदेश असेल तर काम, नसेल तर सुट्टी. कागदावर हे रास्त आहे. पण आजच्या महाविद्यालयात सुट्टीतले काम आदेशाने येत नाही, ते निरोपाने येते. व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री साडेनऊला संदेश पडतो की, उद्या अकरा वाजता निकष क्रमांक तीनची माहिती घेऊन सर्वांनी उपस्थित राहावे, आणि त्याखाली दहा जणांचे होकारार्थी अंगठे उमटतात. या संदेशाला जावक क्रमांक नसतो. दुसऱ्या दिवशी काम होते, चहा होतो, प्राचार्य आभारही मानतात. रजेच्या खात्यात मात्र नोंद होत नाही, कारण नोंदीला आधार असा कागदच नसतो. लेखी आदेश मागणाऱ्याकडे ‘नियमावर बोट ठेवणारा’ म्हणून पाहिले जाते. शिक्षणसंस्थेत नियमावर बोट ठेवणे हा दोष कधीपासून ठरला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कार्यालयीन वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क मागणारे खाजगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले होते, ते संमत झाले नाही. त्याची चर्चा माहिती तंत्रज्ञानातील नोकऱ्यांच्या अंगाने झाली. दीर्घ सुट्टीतल्या निरोपांना त्यातील तर्क तितकाच लागू पडतो, याकडे विद्यापीठीय वर्तुळात फारसे लक्ष गेले नाही.

न दिसणारे दहा तास

सुट्टीचा प्रश्न आठवड्याच्या प्रश्नाहून वेगळा काढता येत नाही. आयोगाच्या विनियमांनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाचा कार्यभार ३० कार्य-आठवड्यांत दर आठवड्याला ४० तासांहून कमी नसावा आणि त्याने दररोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे. सहाय्यक प्राध्यापकासाठी प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी १४ तास सांगितले आहेत. सहा दिवस पाच तासांप्रमाणे तीस तास होतात. उरलेले दहा तास कोठे आहेत? याचे उत्तर उघड आहे. ते ग्रंथालयात, घरच्या टेबलाशी, क्षेत्रभेटीत, वाचनात आणि टिपणे काढण्यात आहेत. विनियमकर्त्यांनी आवाराबाहेरील काम हे कामच आहे, हे शब्दांत न सांगता अंकांत मान्य केले होते. ही या संहितेतील सर्वांत समजूतदार जागा म्हणावी लागेल.

बायोमेट्रिक हजेरीच्या यंत्राला मात्र अंकांमधला हा समजूतदारपणा वाचता येत नाही. ‘किमान पाच तास’ याचा अर्थ अनेक संस्थांत सहा, काही ठिकाणी सात तास असा होत गेला. आवारातील उपस्थिती वाढली आणि ते दहा तास नाहीसे झाले नाहीत, तर रात्रीवर व रविवारवर ढकलले गेले. संशोधनाची अपेक्षा मात्र पदोन्नतीच्या गुणांकनातून वाढतच राहिली. परिणामी ज्याला वाचावयाचे आहे, लिहावयाचे आहे, त्याच्यासाठी दीर्घ सुट्टी हाच एकमेव सलग काळ उरतो आणि तोही कोष्टकाची गंगाजळी म्हणून आधीच खर्ची पडलेला असतो. विनियमांत अध्ययन रजा आहे, सात वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ प्राध्यापकास मिळू शकणारी एक वर्षाची विद्यार्जनार्थ रजाही आहे. ज्या विभागात दोन मंजूर पदांपैकी एक वर्षानुवर्षे रिक्त आहे, तेथे ही कलमे वाचण्यापुरतीच राहतात. ‘अवकाश’ या शब्दाला मराठीत मोकळा वेळ आणि मोकळी जागा असे दोन्ही अर्थ आहेत. महाविद्यालयात दोहोंचाही तुटवडा आहे.

ज्यांना सुट्टी परवडत नाही

आतापर्यंतचे विवेचन कायम प्राध्यापकाविषयी झाले. त्याची तक्रार सुट्टी हिरावली जाते ही आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला सुट्टी लादली जाते. त्याचे मानधन झालेल्या तासिकांवर मोजले जाते, त्यामुळे दिवाळीच्या तीन आठवड्यांत आणि मे-जूनमध्ये त्याचे उत्पन्न थांबते. पूर्णवेळ पदाचा कार्यभार दोघांत विभागून आठवड्याला सुमारे नऊ तासिका त्याच्या वाट्याला येतात. तीस आठवड्यांच्या वर्षात त्या फार तर २७० होतात. सोमवारी सण आला की कायम प्राध्यापकाला सलग दोन दिवस विश्रांती मिळते, याच्या दोन तासिका बुडतात. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनास त्याने उपस्थित राहावे अशी अपेक्षा असते. त्या दिवशी तासिका नसते.

आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी प्रति तासिका १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरवला. त्याच सूचनांत कायम प्राध्यापकांना मिळणारे भत्ते, निवृत्तिवेतन, उपदान आणि रजा यांचे लाभ अतिथी प्राध्यापकांना मिळणार नाहीत, हेही नमूद केले. राज्यातील तासिका तत्त्वाचा दर पुढे वाढवण्यात आला, तरी तो या रकमेपर्यंत पोहोचलेला नाही. आयोगाच्या वाक्यातील ‘रजा’ हा शब्द यादीच्या शेवटी, जणू ओघात आलेला आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, आजारपण, बाळंतपण आणि घरातील मृत्यू हे सर्व तासिका बुडणे या एकाच सदरात मोडतात. कायम सेवेतील प्राध्यापिकेस १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. तिच्याच विभागात, त्याच अभ्यासक्रमाचे तेवढेच तास घेणाऱ्या दुसरीने मात्र बाळंतपणाचा महिना मे असावा अशी प्रार्थना करावयाची, हा भेद अध्यापनाच्या गुणवत्तेने उत्पन्न झालेला नाही, नियुक्तिपत्राच्या प्रकाराने उत्पन्न झाला आहे. रिक्त पदांच्या प्रश्नाची चर्चा शैक्षणिक दर्जाच्या अंगाने पुष्कळ झाली. तीच पदे कोणाच्या तरी विनावेतन सुट्टीवर तगून आहेत, हे त्या चर्चेत येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हे आकडे सर्व स्तरांतील स्त्री-पुरुषांचे आहेत, केवळ प्राध्यापकांचे नाहीत. पण प्राध्यापकांची घरे याला फार मोठा अपवाद असतील असे मानण्यास आधार नाही. फराळ, साफसफाई, पाहुणे आणि मूल्यमापन केंद्रातील रोजच्या ठरावीक उत्तरपत्रिका यांची गाठ एकाच आठवड्यात पडते. ‘काम आणि जीवन यांचा समतोल’ हा शब्दप्रयोग अलीकडे कार्यशाळांच्या निमंत्रणपत्रिकांवर वारंवार दिसतो. त्यातील ‘जीवन’ या पारड्यातही काम भरलेले आहे, हे लक्षात न घेता योगाभ्यास आणि वेळेचे नियोजन यांवर व्याख्याने दिली जातात. अशा कार्यशाळा पुष्कळदा रविवारी असतात.

शिक्षकेतर कर्मचारी आणि हजेरीपट

शिक्षकेतर कर्मचारी हा दीर्घ सुट्टीचा हक्कदारच नाही. त्याला अर्जित रजा आहे. पण प्राध्यापकांच्या सुट्टीचा काळ म्हणजे प्रवेशाचा, निकालांचा आणि दाखल्यांचा काळ, त्यामुळे नेमकी मुलांच्या शाळांना सुट्टी असताना ती मंजूर होत नाही. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा दैनंदिन वेळ वाढवून त्याची भरपाई केली आणि शिक्षणसंस्थांना या निर्णयातून वगळले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगारांनी अनेक वर्षांच्या मागणीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. त्यामागे विश्रांतीचा आणि समाजासाठी मोकळा वेळ मिळण्याचा विचार होता. त्या सुट्टीत ‘सुटणे’ होते, कारण गिरणीचे यंत्रच बंद होत असे. महाविद्यालयाच्या कार्यालयात विद्यापीठाचे संकेतस्थळ रविवारी रात्रीही उघडे असते आणि अर्ज भरण्याची अंतिम मुदत बहुधा मध्यरात्रीची असते.

नियमांत दुरुस्ती करण्यापूर्वी करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. सुट्टीतील प्रत्येक कामासाठी तारखेसह लेखी आदेश काढणे, त्यावरून जमा झालेली अर्जित रजा वर्षअखेरीस प्रत्येकास लेखी कळवणे, प्रवेशाचा मोसम संपताच कार्यालयीन कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने सलग रजा देणे, यांतील कशासाठीही शासनाच्या मंजुरीची गरज नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना अकरा महिन्यांचे ठोक मानधन देण्यास ती लागेल आणि तो निर्णय मंत्रालयातच होऊ शकतो.

तोवर हजेरीपट आहे. मे महिन्याचे पान उघडून पाहावे. कायम प्राध्यापकांच्या नावांसमोर पहिल्या तारखेपासून अखेरपर्यंत ‘दी. सु.’ अशी एकच आडवी ओळ ओढलेली असते, मग त्यांतील चार जण त्या महिन्यात मूल्यमापन केंद्रावर आणि दोघे निवडणूक प्रशिक्षणात का असेनात. त्याखाली कार्यालयातील लिपिक, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई यांच्या रोजच्या सह्या असतात. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची नावे एप्रिलच्या पानावर होती, या पानावर ती लिहिलेलीच नसतात.